देवाचा मोबाईल नंबर

सोम., ३ फेब्रु.

ॲपचे स्क्रीन लिहिणाऱ्या सागरने आजही हेडर न लावता माझ्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवली. आतली माहिती जेसॉन पद्धतीने बांधलीय हे सर्व्हरला सांगायचंच नाही, पोतं दारात टाकायचं आणि पळायचं. मग सर्व्हर म्हणतो काहीच आलं नाही. आणि हा महाशय चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी: "मॅडम, तुमचा सर्व्हर घेत नाही."

घेत नाही! अरे एक ओळ आहे. मागच्या आठवड्यात सांगितली, त्याच्या आधी सांगितली. इंदापूरहून रोज मोटरसायकलवर येताना वाऱ्याने उडून जाते की काय कोण जाणे.

दुसरं. मोबाईल नंबरच्या जागी हा काय पाठवतो, तर 'अनडिफाइंड'. चक्क अक्षरं. शेतकऱ्याचं नाव बरोबर, गट नंबर बरोबर, पीक डाळिंब, मोबाईल अनडिफाइंड. मी चारशे बावीस, म्हणजे 'माहिती चुकीची' असा शेरा, लावून परत पाठवलं, खाली मराठीत कारण लिहिलं: मोबाईल नंबर दहा आकडी हवा. तर म्हणे, "एवढं कडक कशाला?" कडकच! मी दारात उभी आहे म्हणून आत कचरा जात नाही. त्याचे आभार राहिले बाजूला.

आईने गावाहून एसटीतून पाठवलेली मेथी बारामतीच्या खोलीवर कोमेजून पडली होती. तीच परतली. मीठ जास्त झालं.

बुध., ५ फेब्रु.

मीटिंग. सरांचं नवीन फर्मान: स्क्रीनवर लाल रंग दिसता कामा नये. "क्लायंट घाबरतो." म्हणजे रिक्वेस्ट चुकली तरी मी दोनशे, म्हणजे 'सगळं ठीक', हाच शेरा पाठवायचा, सगळं छान छान, आणि आत कुठेतरी बारीक अक्षरात लिहायचं की बाबा, चुकलंय. मी नाही म्हटलं. बराच वेळ नाही म्हटलं.

तर सागर दात काढत म्हणाला, "सर, टेन्शन घेऊ नका, मी स्टेटस बघतच नाही. उत्तर आलं की हिरवी टिकमार्क."

म्हणजे इतके दिवस मी परत पाठवलेली प्रत्येक रिक्वेस्ट पलीकडे 'नोंद यशस्वी' म्हणून दिसतेय! डोक्यात तिडीकच गेली. म्हटलं, मग मी सर्व्हर लिहिते कशाला, तू एक हिरवं चित्र चिकटव आणि दोघं घरी जाऊ. सर म्हणाले, मॅडम, टोन.

टोन माझ्या बापाकडून आलाय. ते गेले, टोन राहिला.

वर सागरला आणखी एक खूळ. प्रत्येक गटापुढे हिरवं फोनचं बटण. दाबलं की खातेदाराला कॉल. कोणी मागितलं? कोणीच नाही. आणि त्या बटणासाठी मी प्रत्येक उत्तरात सगळ्यांचे मोबाईल नंबर पाठवायचे. भांडले. हरले. पाठवते आता.

क्लायंट म्हणजे आमच्याच गावची पाणी सोसायटी, भवानीनगरच्या पुढची. कॅनॉलवरून पाणी उपसायचं आणि पाइपलाइनने रानारानात न्यायचं. कोणाची पाळी कधी हे आजवर तोंडी चालायचं. आता ॲप सांगणार, आणि सोसायटीचा पाणी सोडणारा नामू त्याप्रमाणे पाइपचा वॉल (व्हॉल्व्ह) सोडणार. कामावर माझंच नाव लावलं, तेव्हा गावचं काम म्हणून आनंद झाला होता. शहाणी.

शनि., ८ फेब्रु.

सकाळी आईचा फोन. आवाज असा, की आधी वाटलं कोणी गेलं.

"वैशे, आवंदा पैलं पाणी आलंच न्हाय."

मोटर काल सुरू झाली. आमच्याकडे मोटर सुरू झाली की पहिला वॉल देवाच्या रानाचा. भैरोबाचं रान. सातबारावर मालक म्हणून देवाचंच नाव, वहिवाट आमची, गुरवकीची. पाणी बांधाशी पोचलं की आई त्यातला तांब्या भरून देवळात नेते, पिंडीवर घालते, घंटा वाजवते. ती घंटा ऐकूनच नामू दुसरा वॉल सोडतो. हे कोणी लिहिलेलं नाही, आजवर कोणी विचारलंही नाही. आजीनेही हेच केलं.

काल आई तांब्या घेऊन बांधावर बसून राहिली. दुपार झाली. मग नामूकडे गेली. तर नामू म्हणाला, "काकू, मोबाईलात पैला नंबर तात्याचा आलाय. देवाचं येगळं खातंच न्हाय."

तात्या म्हणजे सोसायटीचे चेअरमन. देवस्थान ट्रस्टचे अध्यक्षही तेच.

आई म्हणाली, "तूच लिव्हलंयस न्हवं ते?" नुसतं विचारलं. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं.

रवि., ९ फेब्रु.

गावी. देवाचं रान बघितलं. अर्ध्यात झेंडू, अर्ध्यात निशिगंध, कडेला मेथीचे वाफे. झेंडूने माना टाकल्यात. भेगा पडायला लागल्यात. शेजारी तात्यांची पेरूची बाग, बुंध्यापर्यंत ओली, चिखल. बघून अंगाचा तिळपापड.

नामू बांधावर भेटला. माझ्याकडे बघेना. लहानपणी ह्याच नामूदादाच्या सायकलवर शाळेला गेलेय.

"ताई, मी काय करू? आधी चार मानसं चार गोष्टी सांगायची, शिव्या मी खायचो. आता फोन दावतो. गप बसत्यात."

"दादा, पण देवाचं पहिलं असतं हे तुला माहीत नाही का?"

"मला म्हाईत हाय. फोनला न्हाय."

हौदाकडे निघाले.

हौदाजवळ आई घागरीने पाणी नेत होती झेंडूला. मी घागर ओढून घेतली तर म्हणे, "तू तुजं काम कर. हे माजं हाय." शिवरात्रीला फुलं लागतात, तेवढी तरी जगली पाहिजेत म्हणे.

एसटीत बसून सगळ्या जगाला शिव्या घातल्या. मनात.

सोम., १० फेब्रु.

सापडलं. सकाळभर सर्व्हरच्या नोंदी, लॉग, चाळत होते.

सोसायटीच्या क्लार्कने देवाचं खातं भरायला घेतलं. नाव: श्री भैरवनाथ देव. गट बरोबर. पीक: फुले. पाळी: पहिली. मोबाईल: रिकामा. बरोबरच आहे, देवाला कुठला आलाय मोबाईल? माझ्या सर्व्हरने परत पाठवलं. कारण लिहून. दहा आकडी हवा. सागरच्या स्क्रीनने त्याला हिरवी टिकमार्क दाखवली. यशस्वी! त्याने यादी उघडली, देव नाही. पुन्हा भरलं. यशस्वी! यादीत नाही. पुन्हा. बिचारा दिवसभर देवाला आत ढकलत होता आणि देव बाहेरच.

शेवटी त्याने रकान्यात तात्यांचा नंबर टाकला. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणून. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

आणि तिथे माती झाली. कारण तात्या स्वतः ऑफिसात येऊन, सरांसमोर बसून, पोहे खात म्हणाले होते, "एक नंबर, एक खातं. भाऊभाऊ दोन-दोन खाती काढून डबल पाणी वडत्यात." तसं करून दिलं होतं. तात्यांच्या नंबरचं खातं आधीच होतं, मग सर्व्हरने देवाचा गट त्याच खात्यात घातला. खात्यातल्या सगळ्या गटांना मिळून एकच पाळी, त्यातली सगळ्यात वरची. म्हणजे देवाची पहिली पाळी तात्यांच्या अख्ख्या खात्याला लागली. पेरूसकट.

देवाचं रान आता तात्यांच्या खात्यातला एक गट आहे. बाग मोठी, रान लहान. पाळी संपेपर्यंत बागच भिजते.

सागरला दाखवलं. लॉग वर-खाली करून बघितला. मग म्हणतो, "म्हणजे तुमचं व्हॅलिडेशन, नंबर तपासणं, चुकलं."

मी उठून बाहेर गेले. नाहीतर कीबोर्ड त्याच्या डोक्यात घातला असता, आणि कीबोर्ड कंपनीचा आहे.

मंगळ., ११ फेब्रु.

सरांना सांगितलं. नीट, टोन सांभाळून. दोन बदल: मोबाईल रिकामा चालू द्या, आणि खातं मोबाईलवर नाही, खाते क्रमांकावर बांधा. फार काम नाही. मग देवाचं खातं वेगळं, पाळी पहिली, मोबाईल रिकामा.

सर म्हणाले, "क्लायंटने बग रिपोर्ट केलाय का?"

"मी करतेय."

"तुम्ही क्लायंट नाही. शिवाय तुमचं घरचं आहे यात."

घरचं! सर, ते देवाचं आहे. पण हे बोलले नाही, कारण बोलले असते तर सरांना हसू आलं असतं आणि मला रडू.

मग सर खरं बोलले. तात्या तालुक्यातल्या बाकीच्या सोसायट्यांची कामं मिळवून देणार आहेत. "त्यांनी एक ओळ लिहून द्यावी, मी दहा मिनिटांत बदल सर्व्हरवर चढवायला सांगतो." म्हणजे ज्याच्या बागेत पाणी चाललंय त्याच्याकडूनच चिठ्ठी आणायची.

गुरु., १३ फेब्रु.

अर्धी रजा टाकून तात्यांकडे गेले. पडवीत झोपाळ्यावर. पेरू कापून पुढे ठेवले, तिखट-मीठ लावून. खाल्ले नाहीत. खरं तर एक खाल्ला.

सगळं समजावलं. मान हलवत ऐकून घेतलं, मधे मधे "व्हय, व्हय". मला वाटलं पटतंय.

मग म्हणाले, "पोरी, तुज्यासारखी शिकल्याली पोरगी लिवती तवा सिस्टिम चुकंल कशी?"

"तात्या, देव तुमच्या खात्यात गेलाय."

"मग चांगलंच हाय की. देवाला माजा आसरा न्हाय तर कुणाचा? पाणी मिळतंय देवाला. माज्या खात्यातनं मिळतंय."

"मिळत नाही. झेंडू जळालाय."

"आधी पेरू, मग फुलं. पेरू एक्सपोर्टला जातोय." मग आवाज खाली आणून, अगदी मायेने: "आन् खरं सांगू का? ही पैल्या पाण्याची भानगड कवातरी मिटवायचीच हुती. एवडीशी पट्टी, त्याच्यासाटी समदी खोळंबायची. कोन घंटा वाजिवनार, मग आमचं पाणी सुटनार. आता सिस्टिमनंच मिटिवली. माज्यावर बोल न्हाय, तुज्या आयवर न्हाय. पुडच्या रविवारी जनरल मीटिंग हाय, तवा हीच यादी कायम करू. सरांना काय लिवून देयाचं हाय ते तवा देतो."

असं आहे तर. यादी एकदा मीटिंगमध्ये कायम झाली की पहिलं पाणी गेलं. कायमचं. आईच्या हातातनं, माझ्या हाताने.

निघताना पेरूची पिशवी देत होते. घेतली नाही. हरामखोर. (खोडणार होते, राहू दे.)

शुक्र., १४ फेब्रु.

सागरशी कडाक्याचं भांडण. त्याला म्हटलं, निदान चुकलेल्या नोंदीला हिरवी टिकमार्क दाखवणं बंद कर, त्या क्लार्कला पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो म्हणाला, सरांनी लाल नको सांगितलंय. म्हटलं, पिवळं दाखव, जांभळं दाखव, काहीही दाखव पण खोटं दाखवू नको. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही सगळ्यांनाच असं बोलता म्हणून तुमच्याबरोबर कोणी जेवायला बसत नाही.

खरंय. बसत नाही.

नंतर तोच परत आला. खाली बघत: "एक सांगू? सरांची परवानगी लागत नाही. देवाच्या गटाला तुमच्या आईंचा नंबर टाका. ॲपमधूनच होतं. नंबर नवा, म्हणजे खातं नवं. पाळी पहिली. झालं."

चरफडले, कारण बरोबर आहे. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? एक रिक्वेस्ट. क्लार्कला दोन मिनिटांचं काम, आणि तो करेल, त्याला वाईट वाटतंय.

थँक्यू म्हटलं नाही. सोमवारी म्हणेन. कदाचित.

शनि., १५ फेब्रु.

आई नाही म्हणाली!

मी एवढी आनंदात गेले. क्लार्कला फोन करून ठेवला होता. चुलीपुढे बसून सगळं सांगितलं. भाकरी थापत ऐकत होती. थांबली नाही.

"म्हंजे देवाच्या रानावर माजा नंबर."

"हो. फक्त नंबर गं."

"आन् तात्यानं काय लावलाय?"

"त्यांचा नंबर."

"मग तात्यात आन् माज्यात फरक काय?"

म्हटलं, आई, फरक हा की तू पाणी देशील आणि ते देत नाहीत. तर म्हणे, "आज मी देईन. मी मेल्यावर नंबर कुणाचा? तुजा. तू तर बारामतीत. मग तुज्या नवऱ्याचा. मग ते म्हनतील आमचं रान. वैशे, ते आपलं न्हाय. आपून हितं राबायला हाय."

मी ओरडले. खूप. म्हटलं तुझ्या ह्या तत्त्वापायी झाडं मरतील, वर तात्या हसतील. बाबा असते तर त्यांनी टाकला असता नंबर. हे बोलायला नको होतं.

आई म्हणाली, "देवाला फोन न्हाय तर न्हाय. तुज्या मशिनीला तेवडं कळंना व्हय? एवडं शिकलीस."

भाकरी तव्यावर टाकली. करपली ती. तीच मला वाढली.

सगळ्यात जास्त राग आईचा आलाय. तात्यांपेक्षा, सरांपेक्षा, सागरपेक्षा. कारण ती म्हणते तसंच लिहायला हवं होतं. काही जण असे असणारच ज्यांच्याकडे नंबर नाही. त्यांना आत घ्यायचं की नाही, एवढाच प्रश्न.

सोम., १७ फेब्रु.

लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत, कोणी बरोबर बसत नाही त्याचा उपयोग. मोबाईल रिकामा आला तर चालेल. खातं खाते क्रमांकावर. देवाचा गट तात्यांच्या खात्यातून बाहेर. चाचणीच्या सर्व्हरवर रिक्वेस्ट पाठवली: नाव श्री भैरवनाथ देव, मोबाईल काही नाही. उत्तर आलं: पाळी पहिली, मोबाईल काही नाही. किती साधं दिसतं ते. बघत बसले.

सर मागे उभे होते.

"चढवायचं नाही. मी बोललोय."

"चढवलेलं नाही."

"मॅडम, ह्या गोष्टीवर मी तुम्हाला घरी पाठवू शकतो."

पाठवा की. असं मनात म्हणणं सोपं असतं. बारामतीत दुसरी नोकरी कुठे ठेवलीय माझ्यासाठी? पुण्यात होते तेव्हा आई एकटी म्हणून परत आले.

सागरला थँक्यू म्हटलं नाही. म्हणाला, "आई तयार झाल्या का?" म्हटलं, नाही. म्हणाला, "का?" सांगितलं. मग हेडफोन लावले.

गुरु., २० फेब्रु.

आईचा फोन नाही. मीही केला नाही.

नामूकडून कळलं की झेंडूच्या निम्म्या ओळी गेल्या. निशिगंध तग धरून. आई अजून घागरीने घालतेय. नामू म्हणाला मी दोन घागरी घालू लागलो, तर काकू म्हणाल्या, तू वॉलवाला, तू फोन बघ.

बरं केलं आईने.

सागरच्या रिक्वेस्टला आज हेडर होतं.

रवि., २३ फेब्रु. (दुपार)

मीटिंगहून आत्ताच घरी आले.

देवळापुढच्या मांडवात. खुर्च्या पुढे, सतरंजी मागे. तात्यांनी प्रोजेक्टर आणवला होता, भिंतीवर ॲप. सर स्वतः बारामतीहून आलेले, इस्त्रीचा शर्ट. मला बघून मान फिरवली. सागर लॅपटॉप जोडत होता.

तात्या बोलायला उभे. आधुनिक शेती, पारदर्शक कारभार, भांडनं बंद. मग यादी. पहिली पाळी, तात्यांचं खातं, त्याखाली गटांची ओळ: पेरू, पेरू, पेरू, फुले. "कुनाची हरकत?"

कोणाची नाही. सगळे भिंतीकडे बघतायत. पुढच्या खुर्च्यांतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे ती फुलं कोणाची. पण पहिलं पाणी गेलं तर प्रत्येकाची पाळी थोडी पुढे सरकते. कोण कशाला बोलतंय.

मी उठले. "हरकत आहे. तो गट देवाचा आहे." तात्या हसून सगळ्यांना म्हणाले, "बगा, लिवनारीच म्हनती चुकलं. आगं पोरी, तूच लिवलंस, तुज्याच सायबानी पास केलं." लोक हसले. सर पण हसले! चारशे बावीस, व्हॅलिडेशन, काय सांगणार होते मी त्या लोकांना? बसले खाली. इतकी लाज, इतका संताप.

मग आई उठली. बायकांच्या बाजूने, मागून. हातात तांब्या. पदर सारखा केला. आवाज अजिबात चढवला नाही.

"नामू, त्या फुलांच्या गटाफुडं हिरवं काय हाय रं?"

नामू दचकला. "फोनचं बटन हाय काकू. मालकाला फोन लागतो."

"मग लाव."

"आँ?"

"देवाचं रान हाय. मालक देव. देवाला फोन लाव. इचारू पाणी पायजे का."

नामूने तात्यांकडे बघितलं, मग आईकडे. मग मान खाली घालून बटण दाबलं. फोन मोठ्या आवाजावर टाकला, का टाकला देव जाणे. रिंग जातेय, जातेय.

आणि तात्यांच्या खिशात हलगी वाजायला लागली. त्यांची ती ट्यून. दणदणीत. माईक हातात, त्यामुळे अख्ख्या गावात.

तात्यांना खिशातून फोन निघेना. कोणीतरी मागून ओरडलं, "उचला की देवा!" मग काय, सतरंजीवरचे सगळे. पोटं धरून हसले. पुढच्या खुर्च्याही. एक म्हातारे मात्र हसले नाहीत, उठले, देवळाकडे वळून हात जोडले आणि चालू लागले. त्यांच्यामागे आणखी काही.

आई हसली नाही. "फोन देवाच्या खिशात पायजे हुता," एवढं म्हणून बसली.

तात्या नंतर बरंच बोलले. ट्रस्टचा अध्यक्ष म्हणून नंबर, गैरसमज, राजकारण. कोणी ऐकत नव्हतं. शेवटी ठरलं काय, तर काहीच नाही. यादी कायम नाही, रद्द पण नाही. पुढच्या मीटिंगमध्ये बघू. आणि उद्या सकाळी पुढच्या फेरीची मोटर सुरू होतेय.

सागर वायर गुंडाळत होता. शेजारून जाताना म्हणाला, "बटण कोणी मागितलं होतं?" दात काढून. त्याला एक गुद्दा घालावासा वाटला. थँक्यू म्हटलं.

रवि., २३ फेब्रु. (दिवेलागण)

सरांचा मेसेज: "उद्या सकाळी आल्या आल्या केबिनमध्ये. तोवर सर्व्हरला हात लावायचा नाही." बहुतेक तात्यांनी फोन केला. माझं लॉगिन अजून चालू आहे, पाहिलं मी.

मग नामूदादा दारात. आत आला नाही. चप्पल काढून उभाच.

"ताई, उद्या पैला वॉल कुणाचा सोडू?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय? तात्या म्हनले यादी अजून तीच हाय, यादीपरमानं सोड. काकूंना मी न्हाय म्हनू शकत न्हाय. आन् तात्यांना बी न्हाय." मग फोन पुढे धरला. "ह्याच्यात देव आला ना, तर माज्यावर काय न्हाय येत. तेवडं करा."

सगळ्यांना तेच पाहिजे. माझ्यावर काय यायला नको. तात्यांना पाहिजे, सरांना पाहिजे, दादाला पाहिजे. यायचं ते माझ्यावर येऊ दे, मी आहेच. चिडून बोलणार होते. बोलले नाही, त्याचे पाय चिखलाने भरलेले होते.

"बघते," म्हटलं. गेला.

लॅपटॉप चुलीजवळच्या पाटावर. नेट येतंय. नवीन कोड चढवायची आज्ञा टाईप करून ठेवलीय. एंटर दाबलेलं नाही. दाबलं तर सकाळी नामूच्या फोनवर देव पहिला दिसेल, आणि केबिनमध्ये मी शेवटची. नाही दाबलं तर पेरू.

आणि दाबलं तरी तात्या वॉलवर स्वतः उभे राहिले तर नामू फोन बघेल की तात्यांकडे, हे मला सांगता येत नाही.

आईने तांब्या चिंचेने घासला, उंबऱ्याशी पालथा घातला. पदराला हात पुसत म्हणाली, "सकाळी येनार का बांधावर?"

"सकाळी मला बारामतीला बोलावलंय."

"ते म्हाईत हाय. मी इचारलं येनार का."

अजून उत्तर दिलेलं नाही. ती दारातच उभी आहे.